रोज, गुत्तं आणि जाणकारी: आपल्या कामाचा भाव कसा ठरवायचा?



"पाच मिनिटांचं तर काम होतं, त्याचे पाचशे कशाचे?" हे वाक्य ऐकलं नाही असा सेवा देणारा माणूस आपल्या भागात सापडणार नाही. मोटार मेकॅनिक ऐकतो, फ्लेक्सचं डिझाइन करणारा ऐकतो, रिटर्न भरून देणारा ऐकतो, लॅपटॉप दुरुस्त करणारा तर रोज ऐकतो. आणि बहुतेक जण हे ऐकलं की लगेच भाव उतरवतात. कारण त्यांना स्वतःलाही आतून वाटतं, खरंच की, पाचच मिनिटं लागली.

आज याच वाक्याचा निकाल लावू. व्हिडिओत मुद्दे सांगितले आहेत, इथे हिशोब मांडतो. वही-पेन जवळ घेऊन बसा.

रोज आणि गुत्तं आपल्याला माहीतच आहे

साखऱ्यात काय, सेनगावात काय, मजुरीचे दोन प्रकार लहान पोरालाही कळतात. एक रोजानं, दुसरं गुत्त्यानं. खुरपणीला बाई रोजानं येते. सोयाबीन काढायची टोळी एकराचं गुत्तं घेते. मळणीयंत्रवाला पोत्यावर घेतो, जेसीबीवाला तासावर.

सरकारलाही हा फरक माहीत आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्या कामावर खोदलेल्या मातीचं मोजमाप घेऊन मजुरी निघायची. नुसतं दिवसभर उभं राहून भागत नव्हतं.

आता यातली खरी गोष्ट बघा. रोजानं काम दिलं की काम रेंगाळण्याची जोखीम मालकाची. गुत्त्यानं दिलं की ती जोखीम काम करणाऱ्याची. म्हणजे भावाची पद्धत बदलली की जोखीम कोणाच्या डोक्यावर हे बदलतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या दोन्हींशिवाय तिसरा प्रकार आहे. त्याला मी जाणकारीचा भाव म्हणतो. यात गिऱ्हाईक तासाचे पैसे देत नाही, मापाचेही देत नाही. काय बिघडलंय, काय करायचं आणि काय करायचं नाही हे बरोबर सांगण्याचे पैसे देतो. तुम्हाला हा प्रकार नवा वाटेल, पण तो आपल्या आजूबाजूला आहे. ब्युटी पार्लरवाली ताई आयब्रोचे थोडे पैसे घेते आणि नवरीच्या मेकअपचे त्याच्या कित्येक पट घेते. तिथे तासांचा हिशोब कोणी मागत नाही, कारण लग्नाच्या दिवशी बिघडलेलं दुरुस्त करायला दुसरा दिवस नसतो. आर्किटेक्ट इमारतीच्या खर्चावर टक्के घेतात. नकाशा काढायला किती रात्री जागले ते कोणी मोजत नाही.

तासावर भाव लावला की हुशार माणूस तोट्यात

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोबासाठी आहेत, तुम्ही तुमच्या भागातले घाला.

बोअरची मोटार चालू होत नाही. नवीन पोरगा आला. त्याने अंदाज बांधला की मोटार जळाली. चार माणसं लावून पाइपासकट मोटार वर काढली. बघतो तर मोटार चांगली. दोष वर स्टार्टरमध्ये होता. काढायचे आणि परत सोडायचे मिळून ३,००० रुपये गेले. पोराचे चार तास झाले. तासाला ४०० धरले तर त्याचे १,६०० झाले. शेतकऱ्याला एकूण ४,६०० ला पडलं.

आता त्याच शेतात जुना जाणकार आला. त्याने आधी स्टार्टर उघडला. कॅपॅसिटर, रिले, कॉइल बघितली. खालची केबल आणि वाइंडिंग शाबूत आहे का हे मेगर लावून वरूनच तपासलं. वीस मिनिटांत सांगितलं, "मोटार काढू नका, दोष वर आहे." तासाच्या हिशोबाने त्याला मिळाले १३३ रुपये.

ज्याने शेतकऱ्याचं नुकसान केलं त्याला १,६००, आणि ज्याने वाचवलं त्याला १३३. असा भाव लावला तर कोणता माणूस शहाणा होईल? दहा वर्षं शिकून वेग वाढवला त्याची शिक्षा म्हणून कमाई घटली. मग हीच पोरं म्हणतात, गावात काही खरं नाही, पुण्याला जातो. गावातून जाणकार माणूस गेला की नुकसान त्याचं एकट्याचं होत नाही. पुढच्या वेळी मोटार बंद पडली की शेतकऱ्याला ४,६०० वालाच बोलवावा लागतो.

लंडनच्या कोर्टात हाच प्रश्न आला होता

व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते. म्हातारा मेकॅनिक येतो, मशीनवर एक हातोडा मारतो आणि मोठं बिल देतो. हातोडा मारल्याचे थोडे, कुठे मारायचा हे माहीत असल्याचे बाकीचे. गोष्ट छान आहे, पण कधी जहाजाची सांगतात, कधी कारखान्याची. तिच्यापेक्षा खरी घडलेली घटना सांगतो, कारण तिचा शेवट जास्त शिकवतो.

जेम्स व्हिस्लर नावाचा चित्रकार लंडनला राहत होता. रात्रीच्या आकाशातल्या आतषबाजीचं त्याने एक चित्र काढलं आणि किंमत ठेवली २०० गिनी. १८७७ मध्ये जॉन रस्किन या मोठ्या समीक्षकाने त्यावर अशी टीका केली की हा माणूस रंगाचा डबा लोकांच्या तोंडावर फेकतो आणि वर एवढे पैसे मागतो. व्हिस्लरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १८७८ मध्ये खटला चालला. वकिलाने विचारलं, दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी मागता का? व्हिस्लरने उत्तर दिलं की नाही, आयुष्यभरात जे ज्ञान मिळवलं त्याचे मागतो.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ ट्रेनर सांगतात. पुढची ऐका. व्हिस्लर खटला जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. कोर्टाचा खर्च अंगावर पडला आणि १८७९ मध्ये त्याचं दिवाळं निघालं.

आपल्यासाठी धडा काय? जाणकारीची किंमत बरोबर असणं पुरेसं नाही. ती समोरच्याला काम सुरू होण्याआधी कळली पाहिजे आणि पटली पाहिजे. काम झाल्यावर घातलेला वाद जिंकला तरी महाग पडतो.

हिशोबाच्या दोन पायऱ्या

पहिली पायरी: तळ. याच्या खाली काम घ्यायचंच नाही असा आकडा. इथे वेळ उपयोगी पडतो.

- घरखर्च महिन्याला: २२,००० रुपये
- दुकानभाडं, पेट्रोल, फोन, लाइटबिल: १०,००० रुपये
- हत्यारांची झीज, आजारपण, थोडी शिल्लक: ६,००० रुपये
- एकूण: ३८,००० रुपये

आता तास मोजा. महिन्याचे २४ दिवस धरा. दुकान आठ तास उघडं असलं तरी माल आणणं, फोन घेणं, वाट बघणं यात निम्मा वेळ जातो. गिऱ्हाइकाच्या कामावर, जाण्यायेण्यासकट, दिवसाला चार तास धरा. २४ गुणिले ४ म्हणजे ९६ तास. ३८,००० भागिले ९६, म्हणजे तासाला जवळपास ४०० रुपये.

हा तुमचा तळ. तो तुमच्या वहीत राहू द्या. गिऱ्हाइकाला हा आकडा सांगायचा नाही, कारण तुमचा घरखर्च भागवणं हा त्याचा प्रश्न नाही.

दुसरी पायरी: किंमत. इथे तुमचे तास बाजूला ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन बसा. तीन प्रश्न विचारा.

१. हे काम चुकलं तर साधारण किती नुकसान होतं?
२. माझ्यामुळे त्यातलं किती वाचतं?
३. माझं चुकलं तर मी काय भरून देणार?

मोटारीच्या उदाहरणात मोटार काढण्याचे ३,००० वाचतात. जाणकाराने तपासणी फी ५०० ठेवली. जायला-यायला चाळीस मिनिटं आणि तपासणीला वीस, असा एक तास गेला. तळ ४०० चा होता, तो भागला. शेतकऱ्याचे ३,००० पैकी २,५०० खिशात राहिले. पाण्याची पाळी चुकली नाही ते वेगळंच. दोघंही फायद्यात.

माझा अंगठ्याचा नियम असा: वाचणाऱ्या रकमेचा पाचवा-सहावा हिस्सा आपला, बाकी गिऱ्हाइकाचा. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. पण गावात धंदा करायचा तर गिऱ्हाइकाला आपल्यापेक्षा जास्त फायदा दिसला पाहिजे. तरच तो शेजाऱ्याला सांगतो.

आणि तिसरा प्रश्न सोडू नका. तपासणी चुकली तर फी परत, हे आधीच सांगा. रोज आणि गुत्त्याच्या वेळी म्हटलं होतं ना, पद्धत बदलली की जोखीम सरकते? जाणकारीच्या भावात निदान चुकण्याची जोखीम तुमच्या डोक्यावर येते. ती घ्यायची तयारी नसेल तर हा भाव मागायचा हक्क नाही.

आपल्याकडे नारळ किंवा काडी घेऊन पाणी दाखवणारे येतात बघा. पॉइंट दाखवला की पैसे घेतात. बोअर कोरडं गेलं तर कोणाचं गेलं? शेतकऱ्याचं. त्या पद्धतीला शास्त्राचा आधार नाही आणि वर जबाबदारीही नाही. नुसता आत्मविश्वास विकणं म्हणजे जाणकारी विकणं नव्हे.

जाणकारी वेगळी, अडवणूक वेगळी

इथे ट्रेनिंगमध्ये हमखास प्रश्न येतो. "सर, मग पीक वाळत असताना दोन हजार मागायचे का? तेव्हा तर नुकसान जास्त असतं."

नाही मागायचे. कारणं दोन.

पहिलं, आपण शहरात नाही. ज्याला आज अडवलं तोच उद्या लग्नात शेजारच्या पंगतीला बसणार आहे. गावात एकदा "अडून पैसे घेतो" असं नाव पडलं की दहा वर्षं पुसत नाही.

दुसरं, तो भाव जाणकारीचा राहत नाही. तुमचं ज्ञान जानेवारीत जेवढं होतं तेवढंच एप्रिलमध्ये आहे. वाढली ती फक्त समोरच्याची अडचण. भाव तुमच्या जाणकारीवर चढू द्या, समोरच्याच्या गरजेवर नको.

म्हणून नियम करा. नेहमीच्या नुकसानीवरून एक फी ठरवा, बोर्डवर लिहा, सगळ्यांना तीच. रात्री यावं लागत असेल तर रात्रीची फी वेगळी लिहा, पण तीही आधीच. झोप तुमची मोडते, म्हणून ते योग्य आहे. एखाद्याची खरंच ऐपत नसेल तर फी सांगून मग सोडून द्या. फीच न सांगता फुकट केलं तर त्या कामाची किंमत शून्य होते.

बलुत्यातून काय घ्यायचं, काय सोडायचं

वर्षाचा ठोक मोबदला ही कल्पना आपल्या मातीत जुनी आहे. सुतार, लोहार वर्षभर शेतकऱ्याची अवजारं नीट ठेवायचे आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळायचा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' पुस्तकात ही सगळी व्यवस्था मांडली आहे. नांगर किती वेळा दुरुस्त केला, किती तास लागले, हे कोणी लिहून ठेवत नव्हतं. वेळेला नांगर चालला पाहिजे, एवढंच.

पण त्या व्यवस्थेत जन्माने काम ठरायचं. वाटा किती द्यायचा हे देणारा ठरवायचा. ज्यांना खालचं मानलं त्यांना तर हक्काचं मागतानाही हात पसरावा लागायचा. मेहनत एकाची आणि भाव दुसऱ्याच्या हातात, हे त्यातलं विष.

आपण त्यातली वर्षाची बांधणी घेऊ आणि सक्ती सोडून देऊ. दोन्ही बाजूंच्या मर्जीने आणि लिहून. उदाहरणार्थ, "सीझनचं गुत्तं: ऑक्टोबर ते मे, चार तपासण्या, बिघाड झाला तर त्याच दिवशी येणार, सामानाचे पैसे वेगळे, रक्कम इतकी." हळद जवळपास नऊ महिने शेतात असते. तिच्या पाण्याची काळजी असणारा शेतकरी अशा बोलीला तयार होतो. तुम्हालाही ठरलेलं उत्पन्न मिळतं. मोटार बिघडू न देण्यात आता तुमचाही फायदा असतो. तासाच्या भावात तो नसतो. तिथे जितकं बिघडेल तितकं तुमचं चांगलं.

कुठे हा भाव चालत नाही

सगळीकडे हाच मंत्र लावू नका.

- आपले सरकार सेवा केंद्र चालवत असाल तर तिथल्या दाखल्यांचे दर शासन ठरवतं. तिथे "माझं ज्ञान" म्हणून जास्त घेता येत नाही.
- सीए आणि वकील यांनाही मर्यादा आहेत. वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. सीएला नफ्यावर टक्के घेण्याची, काही अपवाद सोडले तर, मनाई आहे. का? कारण सल्ला देणाऱ्याचा डोळा निकालावर गेला की सल्ला वाकडा होतो. आपणही हे लक्षात ठेवू. "मोटार बदला" सांगितल्यावर नव्या मोटारीवर कमिशन मिळत असेल तर तपासणीवर विश्वास कोण ठेवणार?
- काम किती वाढेल याचा अंदाज नसेल, किंवा गिऱ्हाईक रोज नवं सांगत असेल, तर तासाचा किंवा दिवसाचा भावच बरा. डिझाइनवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. दोन बदल फीमध्ये, तिसऱ्यापासून वेगळे पैसे.
- तुम्ही अजून शिकत असाल तर रोजानं काम करा. त्यात कमीपणा नाही. जाणकारीचा भाव मागायला आधी जाणकारी लागते.

अजून एक. पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. सेवेत कसूर झाली तर गिऱ्हाईक तक्रार करू शकतो. म्हणून काय करणार, काय नाही, हे साध्या पावतीवर दोन ओळींत लिहून द्या.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?

"काय रे, पाच मिनिटांचं काम अन् पाचशे?"

यावर चिडू नका, हातोड्याची गोष्टही सांगू नका. नम्रपणे बोला:

"काका, मोटार काढली असती तर तीन हजार गेले असते. ती काढायची नाही हे सांगायचे पाचशे आहेत. अन् माझं चुकलं तर हे पाचशे परत घेऊन जा."

बघा यात काय आहे. त्यांचा फायदा आकड्यात सांगितला, फी कशाची ते सांगितलं, जबाबदारी घेतली. "माझा अनुभव दहा वर्षांचा" असं एकदाही म्हटलं नाही. अनुभव तुमचा, त्यांना त्यांचं काम झालेलं हवं असतं. आणि हेच वाक्य फोनवर, निघण्याआधी बोललात तर शेतात वाद होतच नाही.

या आठवड्याचं काम

एक वही करा. प्रत्येक कामाची एक ओळ: तारीख, तक्रार काय होती, खरं कारण काय निघालं, वेळ किती लागला, गिऱ्हाइकाचे अंदाजे किती वाचले, तेच काम परत आलं का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पन्नास ओळी झाल्या की बेरीज करा. पन्नासपैकी दोनच कामं परत आली असतील तर तुम्ही जाणकार आहात आणि त्याचा पुरावा तुमच्या हातात आहे. पंधरा परत आली असतील तर भाव वाढवण्याआधी काम सुधारा.

मग त्या वहीतलं तुम्हाला सगळ्यात चांगलं जमणारं एकच काम निवडा. फक्त त्याची फी ठरवा आणि बोर्डवर लिहा. बाकीची कामं सध्या जुन्याच भावाने चालू द्या. महिनाभराने बघा, किती जण परत गेले आणि किती जण थांबले. जे थांबले ते तुमचं खरं गिऱ्हाईक. त्यांना धरून पुढच्या कामाची फी ठरवा.

तुमचं काम कोणतं आणि तळाचा आकडा किती निघाला, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या व्हिडिओत उधारी कशी वसूल करायची ते बघू, तेव्हा हाच आकडा लागणार आहे.

भेटू पुढच्या वेळी.